मदत हवी आहे: शिकारीच्या भटकंतीसाठी चामड्याचे मजबूत बूट

रानवाट
नमस्कार. शिकारीसाठी घोट्याच्या वर येणारे, पूर्ण चामड्याचे, मजबूत बूट घ्यायचे आहेत. दोन जोड्यांवर गाडी अडली आहे. एक ८ इंच उंचीची असून तिच्यात उबेचा थर नाही, दुसरी १० इंच उंचीची आहे आणि तिच्यात ४०० ग्रॅम थिन्सुलेटचा (उबेसाठीच्या कृत्रिम धाग्यांचा) थर आहे. पाणी अडवणारा गोअर-टेक्सचा पडदा दोन्हींत आहे. खर्चाची मर्यादा ४५० आहे आणि दुकानातील सवलत शनिवारी संपते, त्यामुळे ज्यांनी असे बूट प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांनी कृपया लवकर सांगावे. ब्रँडची यादी नको, ती मी पाहिली आहे.

सह्यभटक्या
४५० रुपयांत हल्ली बरी चप्पलही मिळत नाही, तेव्हा आकड्यातले एखादे शून्य राहून गेले असावे असे धरून उत्तर देतो. आपल्या डोंगरांत जाड चामड्याचे बूट मुळीच घेऊ नयेत. पावसाळ्यात ते एकदा आतून भिजले की चार दिवस वाळत नाहीत, आणि नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी ओल्या कातळावर पाय टिकतो तो सोलच्या रबरामुळे. वरचे चामडे कितीही भारी असले तरी तिथे त्याचा काही उपयोग नसतो. पाणी आत येईल आणि लगेच निघूनही जाईल असे कापडी बूट घ्यावेत. बाकी कुठे आणि कोणत्या महिन्यात जाणार आहात हे कळल्याशिवाय ८ इंच की १० इंच या प्रश्नाला अर्थ नाही.

कायद्याचे_बोला
बुटांची चर्चा करण्याआधी धागाकर्त्यांनी हे लक्षात घ्यावे की वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचित वन्य प्राण्यांच्या शिकारीला भारतात बंदी आहे, आणि पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांच्या बाबतीतसुद्धा शासनाची रीतसर परवानगी लागते. अशा बेताला येथे सार्वजनिकरीत्या मदत करणे योग्य आहे का, याचा प्रशासकांनी विचार करावा.

रानवाट
डॉलरचे चिन्ह टाकले नाही एवढ्यावरून धागा सह्याद्रीत आणि तिथून न्यायालयात पोहोचला. मी कोलोरॅडोत राहतो. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना हातात आहे, हंगाम नोव्हेंबरमधील रायफलचा आहे, जागा फ्लॅट टॉप्सच्या परिसरात आहे आणि उंची साधारण ९ ते ११ हजार फूट असेल. आता कृपया मूळ प्रश्नाकडे वळावे.

मिनेसोटाकर
नोव्हेंबर आणि ११ हजार फूट म्हटल्यावर वेगळा विचार करण्याचे कारण उरत नाही. आम्ही इकडे हरणासाठी झाडावरच्या मचाणावर पहाटेपासून बसतो, पारा शून्याखाली पंधरापर्यंत उतरलेला असतो, आणि ४०० ग्रॅमच्या बुटांतही दोन तासांत बोटे बधिर होतात. माझा सल्ला विचाराल तर आपल्या दोन्ही जोड्या सोडून द्याव्यात आणि खाली रबर, वर चामडे व आत काढता येणारे नमद्याचे अस्तर असलेले बूट घ्यावेत. रात्री अस्तर बाहेर काढून वाळवता येते, हा त्यांचा सर्वांत मोठा फायदा आहे.

गॅलटिनकाठी
मिनेसोटाकरांचे बूट बसून राहणाऱ्याचे आहेत. फ्लॅट टॉप्समध्ये बसणे कमी आणि चढणे फार असते. पण रानवाट, आपण अजून निम्मी माहिती दिलेलीच नाही. मुक्काम गाडीरस्त्यावर आहे की आत? घोडे आहेत का? नसल्यास मांस कोण वाहणार? पायाचा चवडा रुंद आहे की अरुंद? आणि एरवी पायात काय असते?

रानवाट
याचा बुटांशी इतका संबंध असेल असे वाटले नव्हते. मुक्काम रस्त्याच्या टोकाला तंबूत. मी आणि एक मित्र. घोडे नाहीत, जे काही मिळेल ते पाठीवरूनच आणायचे आहे. हातगाडी चालेल का, असाही विचार आहे. चवडा रुंद आणि टाच अरुंद आहे. एरवी धावण्याचे बूट घालतो.

गॅलटिनकाठी
आता उत्तर देता येईल, आणि ते थोडे लांब आहे.

हातगाडीचे आधी सांगतो. आपली जागा फ्लॅट टॉप्स विल्डरनेसच्या (संरक्षित रानाच्या) हद्दीत असेल, तर १९६४ च्या विल्डरनेस कायद्यामुळे तिथे मोटार तर सोडाच, हातगाडीही नेता येत नाही. म्हणजे सगळे पाठीवर. पूर्ण वाढलेला नर एल्क ३०० किलोच्या आसपास असतो आणि हाडे काढून टाकली तरी ८० ते १०० किलो मांस उरते. दोघांनी मिळून प्रत्येकी दोन खेपा केल्या तरी दर खेपेला २० ते २५ किलो मांस, वर पिशवी, रायफल आणि पाणी. हे ओझे घेऊन आपण अंधारात, बर्फाने झाकलेल्या आडव्या पडलेल्या झाडांवरून उतरणार आहात. बूट त्या उताराचा विचार करून निवडायचे असतात, सकाळच्या रिकाम्या चढाचा नव्हे.

यासाठी पहिली गोष्ट म्हणजे सोलचा ताठपणा. जर्मन उत्पादक बुटांना ए पासून डी पर्यंत वर्ग देतात. ए म्हणजे सपाट वाटेवरचे, डी म्हणजे बर्फाच्या भिंती चढण्याचे. आपल्याला बी किंवा बी/सी लागेल. दुकानात बुटाची टाच एका हातात आणि चवडा दुसऱ्या हातात धरून पिळून पाहावे. सहज पिळला गेला तर तो बूट आडव्या उतारावर पायाखाली वळणार आणि त्याचा भार घोट्यावर येणार. सीच्या वर मात्र जाऊ नये, कारण धावण्याच्या बुटांची सवय असलेल्या माणसाला इतका ताठ सोल पहिल्याच दिवशी टाचेवर फोड आणतो.

उबेच्या थराबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. ४०० ग्रॅम हे बुटातल्या थराचे एकूण वजन नसून अशा एका चौरस मीटर थराचे वजन आहे. चढताना या थरात पाय घामाने ओला होतो आणि दुर्बीण घेऊन कड्यावर बसलात की तोच घाम गारठतो. चालणाऱ्याला थर नसलेला किंवा फार तर २०० चा बूट पुरे होतो.

फिजिओ_अनघा
गॅलटिनकाठी यांचे बरेचसे पटते, पण उंच बूट घोटा वाचवतो असा समज या चर्चेत गृहीत धरला जात आहे, त्यावर लिहिणे आवश्यक वाटते. घोटा मुरगळण्यापासून वाचतो तो नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंमुळे आणि तोल सावरण्याच्या सरावामुळे. एका पायावर उभे राहून दात घासण्याचा व्यायाम आजपासून सुरू करावा. बूट ८ इंची असो वा १०, त्याने मूलभूत फरक पडणार नाही.

गॅलटिनकाठी
अनघाताई, रिकाम्या पाठीने चालणाऱ्यासाठी आपले म्हणणे मान्य. २५ किलोंच्या ओझ्याखाली दमलेल्या स्नायूंना बाहेरून आधार लागतो, हे मात्र मी सोडणार नाही. तरीही १० इंचांचा आग्रह माझाही नाही. बर्फ आत जाऊ नये म्हणून उंची हवी असेल तर ८ इंची बुटावर गेटर (बूट आणि पोटरी झाकणारी कापडी आवरणे) चढवावेत. १० इंची बुटाची वरची कड उतारावर नडगीला घासते आणि तिथे एकदा कातडी सोलली गेली की उपाय उरत नाही.

चेन्नईचे_चामडे
मी चामड्याच्या धंद्यात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून केवळ चामड्यापुरते लिहितो. लेबलवर ‘अस्सल चामडे’ लिहिले आहे म्हणून हुरळून जाऊ नये, कारण त्या शब्दांत खालच्या थराचे चामडेही बसते. कातड्याचा वरचा दाणेदार थर म्हणजे दुधावरची साय. तंतू तिथे सर्वांत घट्ट विणलेले असतात. तो काढून घेतल्यावर उरलेल्या थरावर प्लॅस्टिकचा लेप देऊन गुळगुळीत बूट करता येतो आणि काउंटरवर तो अधिक सुबकही दिसतो. ओळखण्यासाठी बुटाच्या जिभेची किंवा लेसच्या पट्टीची कापलेली कड पाहावी आणि चामडे अंगठ्याने दाबावे: दाणेदार थराच्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या उमटतात, लेपाच्या चामड्यावर एकसारखी घडी पडते. नुबक मात्र कमी प्रतीचे समजू नये; तो दाणेदार थरच असतो, फक्त वरून हलका घासलेला. अशा कामासाठी जाडी २.५ ते ३ मिलिमीटर असावी आणि शिवणी जितक्या कमी तितके बरे, कारण पाणी प्रथम तिथूनच शिरते आणि दोरा प्रथम तिथेच झिजतो. चवड्याभोवती रबराची पट्टी असेल तर खडकाच्या धारेने चामडे कापले जात नाही.

आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तसे वनस्पतींनी कमावलेले चामडे या बुटांत सहसा नसते. बुटांचे चामडे बहुतेक वेळा क्रोमने कमावलेले असते, ते मऊ राहते आणि पाण्याला अधिक टिकते. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा…

सह्यभटक्या
कोल्हापुरी घालून एल्कमागे कोणी जात नाही, साहेब. पण जिभेची कड पाहण्याचा उपाय उत्तम आहे, आज घरातल्या सगळ्या बुटांवर करून पाहिला आणि दोन जोड्यांवरून मन उडाले.

ओस्लोवासी
एवढी चर्चा होऊनही गोअर-टेक्सवर कोणी बोट ठेवले नाही याचे आश्चर्य वाटते. नॉर्वे-स्वीडनमध्ये एल्गच्या (म्हणजे मूसच्या, तुमचा एल्क नव्हे) शिकारीला जाणारे अनेक जण असा पडदाच नसलेले बूट घालतात: तळाचा भाग रबरासारखा, वरचा उंच भाग एकेरी चामड्याचा, आत कसलेही अस्तर नाही आणि पायात लोकरीचे दोन मोजे. बूट भिजला तर पुसून टाकावा आणि मोजे बदलावेत. गोअर-टेक्सचा पडदा वापराने कधी ना कधी फाटतोच, आणि मग पाणी आत येते पण बाहेर जात नाही.

गॅलटिनकाठी
आपल्या दलदलीसाठी ते योग्य. रॉकीजमध्ये खडकांच्या राशीवर ओझे घेऊन उतरताना तो सैल, मऊ तळ चालणार नाही.

ओस्लोवासी
आमच्याकडेही डोंगर आहेत.

रानवाट
दोघांचेही आभार, पण मला ओस्लोचे बूट शनिवारपर्यंत मिळणार नाहीत. आज दुकानात गेलो होतो. ८ इंची जोडी पिळली जात नाही, वर्ग बी/सी लिहिला आहे, जिभेची कड एकसंध दिसते. १० इंची जोडी मात्र हातात सहज पिळली गेली, त्यामुळे ती बाद. प्रश्न दोन उरले. डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या मापाने मोठा निघाला, तर माप कोणते घ्यावे? आणि याच जोडीवर चाळीस टक्के सवलत का असावी? दुकानदार म्हणतो, मागच्या हंगामातील माल आहे.

चेन्नईचे_चामडे
थांबा, सवलतीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जिभेच्या आतल्या चिठ्ठीवर अनेकदा उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते, ते आधी पाहावे. अशा बुटांच्या सोलमधला मधला थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या ओलाव्याने तो काही वर्षांत आपोआप भुसभुशीत होतो. बूट खोक्यातून कधी बाहेर काढलेही नसतील तरी हे होते. वरचे चामडे नव्यासारखे चकाकत असते आणि पहिल्या लांब चालीत सोल तुकड्यांनी गळून पडतो. माल खरोखर मागच्या वर्षीचा असेल तर खुशाल घ्यावा. पाच-सहा वर्षांपूर्वीचा निघाला तर फुकटही नको. आणि सोल बदलून मिळतो का, हेही विचारून ठेवावे.

गॅलटिनकाठी
माप मोठ्या पायाचे घ्यावे आणि लहान पायात जाड इनसोल घालावा. संध्याकाळी जावे, त्या वेळी पाय थोडे फुगलेले असतात. जे लोकरीचे मोजे वापरणार तेच घालावेत आणि नखे कापून जावे. दुकानात उताराची फळी असते, तिच्यावर तोंड खाली करून जोरात पावले टाकावीत. बोट पुढे टेकले तर अर्धे माप वाढवावे. टाच अरुंद असल्यामुळे चढताना टाच उचलली जाते का हेही पाहावे. थोडी उचलली तर घोट्याच्या वळणावर लेसला दुहेरी पीळ देऊन गाठ मारावी, म्हणजे चवडा सैल आणि टाच घट्ट राहते. ओझे पाठीवर घेऊन रोज थोडे चालायला आजपासूनच लागावे. तंबूत रात्री इनसोल बाहेर काढावेत आणि बूट पिशवीत घालून झोपण्याच्या बॅगेच्या पायथ्याशी ठेवावेत, नाहीतर पहाटे लेस गोठून ताठ झालेली असते आणि पाय आत जात नाही. ओले बूट शेकोटीजवळ मात्र कधीही ठेवू नयेत, चामडे तडकते आणि गोंद सुटतो.

कायद्याचे_बोला
कोलोरॅडोचे नियम वाचून पाहिले. रायफलच्या हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच चकाकते नारंगी किंवा गुलाबी कापड आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी बंधनकारक आहे. बुटांचा रंग कोणताही चालतो.

रानवाट
नारंगी जाकीट आधीच घेतले आहे, धन्यवाद. चिठ्ठीवर मागच्या वर्षीचा मार्च महिना आहे. मोठ्या पायाचे माप घेतले, फळीवर बोट टेकले नाही, टाच किंचित उचलली जात होती ती दुहेरी पीळ दिल्यावर बसली. बूट घेतले.

मिनेसोटाकर
अभिनंदन, पण संध्याकाळी कुरणाच्या कडेला दोन तास निश्चल बसावे लागले तर माझी आठवण येईल. बुटांवरून चढवायची उबदार आवरणे मिळतात, ती गुंडाळून पाठपिशवीत मावतात आणि बसल्यावरच चढवायची असतात. तेवढी तरी न्या.

रानवाट
मिळतील का शनिवारपर्यंत?

मिनेसोटाकर
शिकारीच्या सामानाच्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतील. बुटांसकट मापून घ्या, नुसत्या पायाच्या मापाची घेतलीत तर चढणार नाहीत.