पोरांना हॉकी कार्डांची बंद पाकिटं घेऊन द्यावीत का?

बर्फाळ_मराठी (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो: देऊ नयेत. कार्डं खुशाल द्या, बंद पाकिटं नकोत.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात. इकडे कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. एनएचएल या इथल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या खेळाडूंची कार्डं जमवणं हा इथल्या पोरांचा पिढीजात नाद आहे. दुकानातून पाकीट घ्यायचं, आत कोण निघेल ते फोडेपर्यंत कळत नाही. बहुतेक कार्डं 'बेस', म्हणजे ढिगाने मिळणारी. सगळ्यांचा डोळा असतो नवख्या खेळाडूच्या पहिल्या कार्डावर, म्हणजे रुकी कार्डावर. अपर डेक कंपनीच्या मुख्य संचात या रुकींना 'यंग गन्स' म्हणतात. सिडनी क्रॉस्बीचं २००५-०६ चं आणि कॉनर मॅकडेव्हिडचं २०१५-१६ चं, दोन्ही २०१ नंबरची यंग गन्स. ही नावं इथल्या पोरांना पाठ असतात.

आता हिशेब बघा. मॅकडेव्हिडच्या वर्षी एका बॉक्समध्ये २४ पाकिटं, प्रत्येकात ८ कार्डं. चार पाकिटांमागे साधारण एक यंग गन, म्हणजे बॉक्सला सहा. पहिल्या सीरिजमध्ये यंग गन्स होते ५०. सगळे सारखेच छापले असं धरलं, तरी अख्खा बॉक्स फोडून मॅकडेव्हिड निघण्याची शक्यता १२ टक्के. एक मॅकडेव्हिड हवा तर सरासरी आठाहून जास्त बॉक्स. मोठ्या माणसाने हे समजून उमजून केलं तर त्याचा पैसा, त्याची मर्जी. पण चौथीतल्या पोराने?

माझा मुलगा पाकीट फोडल्यावर हल्ली खेळाडूचं नावसुद्धा वाचत नाही. कार्ड दिव्याखाली तिरकं धरतो, चमकतं का बघतो, कडेला छापील क्रमांक (मोजकीच छापल्याची खूण) आहे का बघतो. नसला की कार्ड थेट बुटाच्या खोक्यात. असला की फोन मागतो, भाव बघायला. या सगळ्यात हॉकी कुठे आहे ते मला कोणी दाखवा.

निळी_रेषा

पूर्ण असहमत. दुखणं तुमच्या घरातल्या फोनमध्ये आहे आणि तुम्ही पाकिटाला दोष देताय.

आत काय आहे ते माहीत नसणं हा या छंदाचा पाया आहे, आणि तो फार जुना आहे. १९११-१२ साली इम्पीरियल टोबॅकोने ४५ हॉकीपटूंचा संच काढला. कार्डं सिगारेटच्या पाकिटात यायची, कोण निघेल ते नशीब. ज्याच्या नावाने आज सर्वोत्तम गोलरक्षकाला ट्रॉफी देतात त्या जॉर्ज व्हेझिनाचं रुकी कार्ड त्याच संचातलं. पुढे च्युइंगम आलं. लंडनच्या (ओंटारियोतल्या, इंग्लंडच्या नव्हे) ओ-पी-ची कंपनीने गमच्या पाकिटातून कॅनडाच्या पिढ्याच्या पिढ्या हॉकीवेड्या केल्या. तिच्या १९७९-८० च्या संचात ३९६ कार्डं होती. ती सगळी एकट्याच्या खाऊच्या पैशात जमणं शक्यच नाही. मग पोरं काय करायची? डबल झालेली खिशात घालून शाळेत जायची आणि अदलाबदल करायची. भिंतीवर नेम धरून कार्डं फेकायची, हरायची, जिंकायची, सायकलच्या चाकात अडकवून फटफट आवाज काढायची. घासाघीस करायला पोरगं तिथे शिकतं. दुकानातून हवं ते एकच कार्ड उचलून दिलंत तर अदलाबदल करायला त्याच्याकडे उरेल काय?

शिवाय जुन्या ओ-पी-ची कार्डांची पाठ इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत असायची. आमच्याकडे मॉन्ट्रियलमध्ये मुलीने शाळेच्या फ्रेंचच्या आधी त्या पाठी वाचल्या. खोक्यात फेकलेली बेस कार्डं बाहेर काढा आणि शेजारी बसून पाठ वाचा. फुकट आहे.

पेठेतला_प्रेक्षक

धागा उघडला तेव्हा वाटलं ध्यानचंद, धनराज पिल्ले वगैरे असतील. असो.

पण हा आजार आम्हाला नवा नाही. आयपीएल आल्यावर टॉप्सची क्रिकेट अटॅक्स कार्डं आली, तेव्हा सोसायटीच्या जिन्यात हाच बाजार भरायचा. एका धोनीला पाच कुणीतरी. आमच्या लहानपणी काडेपेटीचे छाप होते, तेव्हाही 'दुर्मीळ' छापावरून मारामाऱ्या व्हायच्या. पोरं बिघडली नाहीत. निळी_रेषा यांना +१.

बर्फाळ_मराठी

छाप रस्त्यावर सापडायचे हो. काडेपेटी आई चुलीसाठी आणायची, छापासाठी नाही. इथे पाकीट विकत घेतलं जातं ते फक्त आतल्या 'कदाचित'साठी, आणि तो कदाचित किती दुर्मीळ ठेवायचा ते विकणाराच ठरवतो. जुन्या ओ-पी-चीत सगळी कार्डं एकाच लायकीची छापली जायची. कोणालाही मुद्दाम कमी छापून पोरांना झुलवत ठेवायचं, हे तिथे नव्हतं. १९७९ ची निरागसता आजच्या पाकिटाला चिकटवू नका.

निळी_रेषा, पाठ वाचायची कल्पना घेतली. ती मात्र चांगली आहे.

वकीलीण

हे लॉटरीसारखंच आहे का, असा वाद चाललाय म्हणून सांगते. अमेरिकेत हा वाद कोर्टात जाऊन आलाय. पाकिटात क्वचित सापडणारी खास कार्डं टाकणं हा बेकायदा जुगार आहे, असं म्हणत ग्राहकांनी मोठ्या कार्ड कंपन्यांवर दावे लावले होते. २००२ साली नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ते फेटाळले. ग्राहकाने कार्डांचं पाकीट मागितलं, त्याला कार्डांचं पाकीट मिळालं. खास कार्ड निघालं नाही म्हणून झालेली निराशा म्हणजे मालमत्तेचं नुकसान नव्हे, असा साधारण सूर. लॉटरीच्या तिकिटाचा सोडतीनंतर कागद उरतो. इथे न लागलेलंही काहीतरी हातात राहतं.

बर्फाळ_मराठी

वकीलीणबाई, नुकसान झालं नाही असं कोर्ट म्हणालं. हा जुगार नाही, असं म्हणालं का? दोन्हींत फरक आहे, आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

वकीलीण

नाही, तसं कोर्ट म्हणालेलं नाही. तो मुद्दा तुमचा.

मुदतठेव

सगळे भावनेच्या गोष्टी करताय, आकडे कोणी बोलत नाही. बर्फावरच्या हॉकीतला सर्वांत मोठा मानला जाणारा खेळाडू वेन ग्रेट्स्की, त्याचं १९७९-८० चं ओ-पी-ची रुकी, पीएसए १० दर्जाचं (पीएसए ही कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यावर आहे का ते तपासून १० पैकी गुण देणारी कंपनी). डिसेंबर २०२० मध्ये १२.९ लाख डॉलर, मे २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलर. सहा महिन्यांत जवळजवळ तिप्पट. कुठली एफडी देते? सास्काचेवनमधल्या रेजायनात एका घरात त्याच वर्षीच्या पाकिटांचं न फोडलेलं खोकं सापडलं, १६ बॉक्स, दहा हजारांवर कार्डं. फेब्रुवारी २०२४ च्या लिलावात बोली ३७.२ लाख डॉलर. पोराला आत्तापासून गुंतवणुकीची सवय लागत असेल तर बाप तक्रार का करतोय?

तळघरातला_माणूस

मुदतठेवसाहेब, आमच्या तळघरात या एकदा. १९९०-९१ ची पाकिटं दाखवतो. अपर डेक, स्कोअर, प्रो सेट, बोमन, सगळं आहे. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने तिथेच सोडून दिलेलं. 'मुलांच्या कॉलेजसाठी ठेवलं होतं' म्हणाला, आणि उचलून न्यायचेही कष्ट घेतले नाहीत.

त्या काळाला संग्राहक 'जंक वॅक्स' म्हणतात. जुनी कार्डं महाग झालेली बघून सगळ्यांनी नवी कार्डं साठवायला घेतली, आणि कंपन्यांनी मागेल त्याला छापून दिली. एरिक लिंड्रॉस तर एनएचएलमध्ये यायच्या आधीच कार्डावर झळकला. स्कोअरने त्याच्याशी करार केला होता आणि 'पुढचा ग्रेट्स्की' म्हणून त्याच्या कार्डावर उड्या पडल्या. माणूस पुढे खरंच मोठा खेळाडू झाला, हॉल ऑफ फेममध्ये गेला. कार्ड आज चहाच्या भावात मिळतं. खेळाडू ओळखण्यात लोक चुकले नव्हते. पण ते कार्ड सगळ्यांनीच जपून ठेवलं, म्हणून त्याला किंमत उरली नाही.

ग्रेट्स्कीचं उलटं झालं. १९७९ मध्ये पोरांनी ती कार्डं हाताळली, दुमडली, आयांनी कचऱ्यात टाकली. ओ-पी-ची कागद तारेने कापायची, म्हणून कडा मुळातच खडबडीत. त्यात निळी चौकट, जरा घासली की पांढरं दिसतं. पीएसए १० मिळालेली फक्त दोन, ती उगाच नव्हे. म्हणजे लाखाचा भाव आला तो पोरांनी कार्डांशी मनसोक्त खेळून त्यांची वाट लावली म्हणून. तुमचा मुलगा आजचं कार्ड फोडल्या फोडल्या प्लास्टिकच्या कवचात घालतो, आणि बाकी सगळ्यांचीही पोरं तेच करतात. ४५ वर्षांनी दुर्मीळ काय राहणार?

आणि रेजायनाच्या त्या खोक्यातली गंमत लक्षात आली का? ३९६ कार्डांचा संच धरला तर आत पंचवीसेक ग्रेट्स्की असावेत, असा हिशेब. 'असावेत'ला ३७.२ लाख.

मुदतठेव

जंक वॅक्समध्ये पडलेल्यांनी अभ्यास केला नव्हता. आता छपाईचा क्रमांक कार्डावरच असतो, ९९ पैकी ७ वगैरे.

तळघरातला_माणूस

९९ चं एक, २५ चं दुसरं, १० चं तिसरं, लाल रंगाचं, सोनेरी रंगाचं... एकाच खेळाडूची एकाच वर्षातली 'दुर्मीळ' कार्डं मोजायला बसा. जेवायच्या वेळेपर्यंत या.

निळी_रेषा

इथे मी तळघरवाल्यांच्या बाजूने. धागाकर्त्याला माझा विरोध पाकिटावरून आहे, भावावरून नाही. आणि खरा जुगार बघायचा असेल तर 'ब्रेक' बघा. एक माणूस कॅमेऱ्यासमोर महागडा बॉक्स फोडतो, त्याआधी प्रेक्षकांना एकेक संघ विकतो. तुम्ही एडमंटन घेतलं तर एडमंटनची कार्डं तुमची. काही ठिकाणी संघसुद्धा चिठ्ठी टाकून मिळतो. एकही कार्ड नाही निघालं तर पैसे गेले, हातात बेससुद्धा नाही. वकीलीणबाईंचा 'काहीतरी राहतं' हा मुद्दा तिथे कोसळतो. ते पोरांना बंद करा, मी तुमच्यासोबत सही करतो. टिम हॉर्टन्समध्ये कॉफीसोबत मिळणाऱ्या पाकिटावर कशाला घसरता? आजोबा-नातू त्या कॉफीच्या टेबलावरच कार्डं वाटून घेतात, मी दर हिवाळ्यात बघतो.

बर्फाळ_मराठी

ब्रेकबद्दल दुमत नाही. पण ब्रेक बघणारा पोरगा आकाशातून पडत नाही, तो पाकिटापासूनच सुरू होतो. आणि मोठ्यांचं म्हणाल तर मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या टार्गेट दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, बंदूक निघाली, आणि टार्गेटने काही काळ दुकानांतून कार्डं विकणंच थांबवलं. शहाणी, कमावती माणसं. कॉफीच्या टेबलावरचे आजोबा मलाही आवडतात, पण ते अपवाद होत चाललेत.

ओंटारियोची_आई

दोघेही बाबालोक भांडताय, मी मधला रस्ता सांगते. तसा तो धागाकर्त्यांच्या बाजूला झुकलेलाच आहे.

आमच्या लेकीने संच-बिंच सोडून एक विषय धरलाय: एनएचएलमध्ये खेळलेले भारतीय वंशाचे खेळाडू. पहिला रॉबिन बावा, ब्रिटिश कोलंबियातल्या डंकनचा, १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला. मग मॅनी मल्होत्रा, आमच्या मिसिसागाचाच. वडील भारतीय वंशाचे, आई फ्रेंच कॅनेडियन. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) न्यूयॉर्क रेंजर्सनी सातव्या क्रमांकावर घेतला. २०११ मध्ये डोळ्याला पक (खेळायची रबरी चकती) लागला, डाव्या डोळ्याची दृष्टी बहुतेक गेली, तरी त्याच वर्षी जूनमध्ये व्हँकुव्हरसाठी स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएल विजेतेपदाच्या, फायनलमध्ये उतरला. हे सगळं लेकीला माहीत आहे, कारण तिने शोधून काढलंय. अलीकडे जुझार खैरा, अर्शदीप बैन्स. हल्ली तिला महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, हीसुद्धा हवी असते. २०२४ च्या जानेवारीत सुरू झाली, कार्डं तिचीही निघतात.

यातलं काहीही महाग नाही. विमानतळाजवळ कार्डांचा मोठा एक्स्पो भरतो, तिथे काचेच्या कपाटांकडे बघायचंही नाही. टेबलाखाली सुट्या कार्डांची लांब खोकी असतात, ती मागायची. गुडघ्यावर बसून बोटांनी एकेक कार्ड पुढे सारत जायचं, तासभर. विक्रेते बहुतेक साठीचे, मुलगी खाली बसून 'बावा आहे का' विचारते म्हटल्यावर खूश होतात, एखादं तसंच देतात. पाकीट वाढदिवसाला एक. कार्डं कपाटात नाही, नऊ कप्प्यांच्या पानांच्या फाईलमध्ये, पाठ दिसेल अशी.

निळी_रेषा

ताई, तुमच्या लेकीला शंभर गुण. पण वाढदिवसाचं ते एक पाकीट काढून टाका बघू, आणि काय होतं ते सांगा.

ओंटारियोची_आई

रडारड होईल. म्हणून तर एक ठेवलंय.

भिंगवाला

जुनी कार्डं घ्यायला निघालेल्यांसाठी एक. ग्रेट्स्की रुकीच्या नकला उदंड आहेत, 'आजोबांच्या पेटीत सापडलं' म्हणणाऱ्यावर विश्वास टाकू नका. भिंग घ्या आणि काळी अक्षरं बघा. अस्सल कार्डावर ती सलग शाईची असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरसुद्धा रंगीत ठिपक्यांचं बनलेलं दिसतं.

आणि कवचावरचा आकडाही वेदवाक्य नव्हे. खुद्द ग्रेट्स्कीने १९९१ मध्ये आपल्या तेव्हाच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉलबरोबर बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं एक जुनं सिगारेट कार्ड ४,५१,००० डॉलरला घेतलं होतं. पीएसएने गुण दिलेलं ते पहिलं कार्ड, दर्जा ८. पुढे २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रोने कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपणच छाटल्या होत्या.

मुदतठेव

छाटलेल्या कडांसकट ते २००७ मध्ये लाखांत विकलं गेलंच होतं ना? आय रेस्ट माय केस.

तळघरातला_माणूस

मग माझी १९९०-९१ ची पाकिटं घ्या. डिलिव्हरी फुकट, ट्रक तुमचा.

ओंटारियोची_आई

तळघरकाका, थांबा, ट्रक भरायच्या आधी आत बावा आहे का बघाल? आणि कोणाकडे मल्होत्राचं रेंजर्सच्या जर्सीतलं डबल असेल तर सांगा, आमच्याकडे व्हँकुव्हरचे तीन झालेत.

बर्फाळ_मराठी

मुलाचं ते बुटाचं खोकं शोधून सांगतो. त्यातलं एकही कार्ड अजून कोणी वाचलेलं नाही.