कॉर्डलेस व्हॅक्यूमचा ट्रिगर कधी चालतो, कधी नाही. बोर्ड खरंच गेलाय का?

सुईदोरा, नाशिक
नमस्कार मंडळी. घरी कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर आहे, ट्रिगर दाबून धरला तरच चालणारा. माझं शिवणकाम आहे, त्यामुळे दोरे आणि कातरणाचा भुसा रोज काढावा लागतो. दिवाळीनंतर ट्रिगर दाबला की कधी लगेच सुरू होतो, कधी पुन्हा पुन्हा दाबावा लागतो, मध्येच बंदही पडतो. बोट जरा डावीकडे रेटून दाबलं तर मात्र हमखास चालतो. चार्जिंगचा दिवा नीट लागतो. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी न उघडताच सांगितलं, "पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) गेला, अख्खा बॉडी असेंब्ली बदलावा लागेल." साडेसात हजार. वॉरंटी संपली आहे. भावाकडे मल्टीमीटर आहे, सोल्डरिंगही येतं. कुठून सुरुवात करू?

जुना मेकॅनिक, डोंबिवली
ताई, साडेसात हजार आत्ताच देऊ नका. डावीकडे रेटलं की चालतो, हे तुम्हीच लिहिलंय. बोर्ड गेला असता तर त्याला डावं-उजवं कळलं नसतं. दोष ट्रिगर आणि त्याच्या मागच्या मायक्रोस्विचच्या आसपासच आहे.

पहिलं काम, बॅटरी काढून बाजूला ठेवा. मगच स्क्रू. बहुतेक यंत्रांत हे स्क्रू ताऱ्याच्या आकाराचे असतात, टी८ किंवा टी१०, त्यासाठी तोच बिट घ्या, साध्या पेचकसाने डोकं खराब होतं. आत ट्रिगरच्या मागे काळा, चौकोनी, नखाएवढा स्विच दिसेल, वर पातळ पत्ती. त्यावर सी (सामायिक टोक), एनओ (दाबल्यावर जोडलं जाणारं), एनसी (दाबल्यावर तुटणारं) अशा खुणा असतात. मीटर ओहमवर ठेवून सी आणि एनओ मध्ये बघा, पत्ती टूथपिकने दाबून. फक्त बीप वाजला म्हणून खूश होऊ नका, आकडा वाचा. चांगला स्विच एक ओहमच्या आत दाखवतो आणि आकडा स्थिर राहतो. दाबून धरल्यावर आकडा नाचत असेल तर स्विच गेला.

टूथपिकने चोख आणि ट्रिगरने नाही, असं झालं तर प्लास्टिक झिजलंय. ट्रिगरच्या आतल्या बाजूला पत्तीला टेकणारा छोटा उंचवटा असतो, तो झिजतो किंवा त्याच्या मुळाशी केसासारखी चीर पडते. तिथे प्लास्टिकची पातळ चकती एपॉक्सीने चिकटवा. झटपट चिकटणारा गोंद स्विचच्या जवळ वापरूच नका. त्याची वाफ कॉन्टॅक्टवर पांढरा थर धरते आणि चांगला स्विचही मरतो. सिलिकॉन स्प्रेही तिथे नको.

ठाणेकर
माझा व्हॅक्यूम थांबत-थांबत चालतो, हुं-हुं करत. तोही ट्रिगरच का?

जुना मेकॅनिक, डोंबिवली
नाही दादा. एका लयीत थांबत-सुरू होत असेल तर आधी फिल्टर आणि नळी बघा. हवा अडली की यंत्र स्वतःच मोटर सोडतं-पकडतं. फिल्टर धुतला असेल तर पूर्ण एक दिवस वाळवा, पावसाळ्यात दोन. ओला फिल्टर लावला तरी हेच लक्षण.

सुईदोरा, नाशिक
काका, उघडला. आत भुशाचा थर होता, ब्रशने काढला. भावाने टूथपिकने पत्ती दाबून बघितलं, तर आकडा ४० वरून ३०० ओहमपर्यंत उड्या मारतोय. स्विचला दोन बारीक वायर आहेत, उदबत्तीच्या काडीएवढ्या. मोटरच्या वायर वेगळ्या, जाड. स्विचवर "५ ए २५० व्ही" लिहिलंय.

जुना मेकॅनिक, डोंबिवली
छान, सापडलं. आणि ती बारीक वायर फार कामाची खूण आहे. म्हणजे मोटरचा करंट स्विचमधून जातच नाही. स्विच बोर्डाला नुसता इशारा देतो, मोटर चालवण्याचं काम बोर्डावरचे मॉसफेट, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक भाग, करतात. इशाऱ्याचा करंट काही मिलिअँपिअरच.

हे कारण नीट सांगतो, कारण इथेच लोक तोच स्विच परत आणतात आणि पुन्हा त्याच जागी येतात. ५ अँपिअरच्या स्विचमध्ये चांदीचे कॉन्टॅक्ट असतात. मोठा करंट गेला की बारीक ठिणगी पडते आणि वरचा काळा थर आपोआप जळून जातो. मिलिअँपिअरवर ठिणगीच नाही, त्यामुळे थर साचत जातो. दमट हवेत तर आणखी. म्हणून नवा घेताना ०.१ अँपिअरचा, सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचा मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल. माप मात्र जुना स्विच हातात धरून जुळवा: २० मिमी लांबीच्या प्रकारात भोकांमधलं अंतर ९.५ मिमी, १२.८ मिमीच्या प्रकारात ६.५.

जाड वायर थेट स्विचला आली असती तर उलटं. तिथे पूर्ण करंटचा स्विच हवा, आणि चिमट्याने वायर जोडून बघण्याचा उद्योग करायचा नाही.

सोल्डरगिरी, कोल्हापूर
काकांशी सहमत. बोर्ड खरंच गेला की नाही हे बघायचं असेल तर मोटर सुटी करून मॉसफेट मीटरच्या डायोड मोडवर तपासा. एका बाजूने साधारण ०.५ व्होल्ट, उलट बाजूने काहीच नाही, म्हणजे ठीक. दोन्ही बाजूंनी शून्य असेल तर शॉर्ट, आणि दोन वायरची साधी मोटर असेल तर बॅटरी लावताच ट्रिगर न दाबता ती पळते. तीन वायरची ब्रशलेस मोटर असेल तर असे सहा मॉसफेट असतात, सगळे बघा. एक विनंती, बॅटरी पॅक फोडू नका. सात सेलचा पॅक पूर्ण चार्जला २९.४ व्होल्ट असतो, पेचकस आडवा पडला तर आग लागते.

जुना मेकॅनिक, डोंबिवली
बरोबर. ताई, भावाला सांगा, जुना स्विच काढण्याआधी फोटो घे. पत्ती कुठल्या टोकाला बिजागरीवर आहे ते बघून नवा त्याच दिशेने बसवायचा, उलटा बसला तर ट्रिगर अडतो. वायर सी आणि एनओ वरच, एनसी मोकळा. डाख देताना सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नका, स्विचचं प्लास्टिक आतून वितळतं. झाकण लावण्याआधी बॅटरी लावून एकदा चालवून बघा.