मदत हवी आहे: शेवटच्या एका जागेसाठी २७-३ चा संघ निवडावा की १६-१३ चा?

डेमॉइनकर

मंडळी, नमस्कार. प्रश्न अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलचा आहे, पण निवड समितीवरून वाद घालण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच असल्यामुळे तो इथे मांडण्यास हरकत नसावी.

मी आयोवा राज्यात डेमॉइनला राहतो. आमच्या कार्यालयात दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात सहा-सात जण मिळून लुटुपुटीची निवड समिती भरवतात. एनसीएएची (महाविद्यालयीन खेळ चालवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची) खरी समिती रविवारी संध्याकाळी ६४ संघांची यादी जाहीर करते, त्याआधी आम्ही आमची यादी करून ठेवतो. यंदा ६३ नावांवर फारसे भांडण झाले नाही. शेवटच्या जागेवर मात्र दोन संघ अडले आहेत आणि त्यांपैकी एका संघाची बाजू शनिवारी सकाळी मला मांडायची आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. डिव्हिजन वनची, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीची, ही स्पर्धा १९८१ साली सुरू झाली आणि १९९८ पासून तिच्यात ६४ संघ खेळतात. देशभरातले संघ तीसेक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये, वाटलेले आहेत; प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या, म्हणजे साधारण निम्म्या, जागा समिती आपल्या विचाराने भरते. खेळ किरकोळ आहे असे कोणास वाटत असेल तर एवढेच सांगतो की ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरी फुटबॉल मैदानात जाळे बांधून झालेला नेब्रास्का विरुद्ध ओमाहा हा सामना ९२,००३ प्रेक्षकांनी पाहिला. (मला तिकीट मिळाले नव्हते, हे दुःख वेगळे.)

आता आमचे दोन संघ. नावे मुद्दाम देत नाही आणि ओळख पटू नये म्हणून आकडेही थोडे बदलले आहेत. संघ अ हा लहान कॉन्फरन्समधला आहे. सप्टेंबरमधल्या कॉन्फरन्सबाहेरच्या दहा सामन्यांत (त्यांतले दोनच मोठ्या संघांशी) तो ८-२ राहिला, कॉन्फरन्समधले अठराच्या अठरा सामने जिंकला, कॉन्फरन्सच्या अखेरच्या स्पर्धेत उपांत्य सामना जिंकला आणि अंतिम सामना हरला. त्या एका संध्याकाळीने थेट प्रवेश गेला. एकूण हिशेब २७-३. संघ ब हा मोठ्या कॉन्फरन्समधला. कॉन्फरन्सबाहेरचे नऊपैकी आठ सामने त्याने जिंकले, पण कॉन्फरन्सच्या वीस सामन्यांत तो ८-१२ राहिला. एकूण १६-१३. समितीच्या विचारात येण्यासाठी निदान निम्मे सामने जिंकलेले असावे लागतात, ती अट तो पार करतो.

आमचे एक सहकारी आरपीआयचा (संघांची क्रमवारी लावणाऱ्या निर्देशांकाचा) कागद टेबलावर ठेवतात आणि चर्चा तिथेच संपते. या निर्देशांकात संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला २५ टक्के वजन असते. मूळ सूत्राने अ चे तीन आकडे ०.९००, ०.४८० आणि ०.५०० असे येतात, म्हणजे एकूण ०.५९०. ब चे आकडे ०.५५२, ०.६४० आणि ०.५६०, म्हणजे एकूण ०.५९८. तेरा वेळा हरलेला संघ तीन वेळा हरलेल्या संघाच्या पुढे उभा राहतो, आणि हे चूक आहे असे मला वाटत असूनही ते नेमके कुठे चूक आहे हे शब्दांत सांगता येत नाही.

दोघांचा एक मोठा प्रतिस्पर्धी समान आहे. ब त्याच्याशी दोनदा खेळला. घरच्या मैदानावर ३-२ असा जिंकला आणि त्याच्या मैदानावर ०-३ असा हरला. अ एकदाच, त्याच्या मैदानावर खेळला आणि २-३ असा हरला: २५-१६, २३-२५, २५-१७, २४-२६, १३-१५. पाचव्या सेटमधला शेवटचा स्मॅश जाळ्याच्या वरच्या पट्टीला लागून आमच्याच बाजूला पडला. चेंडू पट्टीवर क्षणभर थांबला होता, हे मी शपथेवर सांगू शकतो.

'आमच्याच' हा शब्द वर निसटला आहे, तेव्हा कबूल करतो. माझी मुलगी अ च्या विद्यापीठात शिकते. ती खेळत नाही. घरच्या सामन्यांत स्कोअररच्या टेबलावर बसून लिबेरो (फक्त बचावासाठी उतरणारी खेळाडू) केव्हा आत गेली आणि केव्हा बाहेर आली याची नोंद ठेवते. या हंगामात मी अ चे नऊ सामने प्रत्यक्ष पाहिले आहेत, ब चा एकही नाही. तेव्हा अ च्या बाजूने भावनेखेरीज काय मांडता येईल आणि सेटचे व गुणांचे आकडे त्यात धरावेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आकडेमोड

आरपीआय चूक आहे असे म्हणण्यापेक्षा तो काय मोजतो ते आधी पाहावे. तुमचा संघ किती जिंकला, याला त्यात पाव वाटा आहे. उरलेला पाऊण वाटा तुम्ही कोणाशी खेळलात याचा आहे. त्यामुळे एखादा सामना जिंकूनही आकडा खाली येऊ शकतो. अ चा सप्टेंबरमध्ये एखाद्या अगदी दुबळ्या संघाशी सामना झाला होता का? समजा, त्या संघाने हंगामात २८ पैकी ३ सामने जिंकले. तो सामना वगळला तर अ चा हिशेब २६-३ होतो आणि स्वतःचे प्रमाण किंचित घटते, पण उरलेल्या २९ प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.४८० वरून जवळपास ०.४९३ वर जाते. तिसरा आकडा तसाच धरला तर एकूण ०.५९६ येते. म्हणजे एक सामना खेळलाच नसता तर दोन संघांतले आठ सहस्रांशांचे अंतर दोनावर आले असते. जिंकल्याची शिक्षा ती हीच. पुरुषांच्या बास्केटबॉलने २०१८ मध्ये आरपीआय सोडून 'नेट' नावाची दुसरी पद्धत घेतली, ती उगाच नव्हे.

दुसरा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. कॉन्फरन्समधल्या आपसातल्या सामन्यांत एक जिंकला की दुसरा हरतोच, त्यामुळे त्या सामन्यांपुरते सगळ्या संघांचे मिळून प्रमाण नेहमी निम्मेच राहते. मग ब च्या प्रतिस्पर्ध्यांचे ०.६४० आले कोठून? ते आले सप्टेंबरातून, म्हणजे मोठ्या कॉन्फरन्सचे संघ लहान संघांना आपल्या मैदानावर बोलावून हरवतात त्या तीन-चार आठवड्यांतून. ऑक्टोबर उजाडला की तो साठा गोठतो आणि पुढे प्रत्येक जण त्याचे व्याज खातो. २०२४ मध्ये पॅक-१२ ही मोठी कॉन्फरन्स मोडल्यावर यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन हे संघ बिग टेन या कॉन्फरन्समध्ये गेले, स्टॅनफर्ड एसीसी या कॉन्फरन्समध्ये गेले. बलवान संघ थोड्या घरांत गोळा झाल्यामुळे तुमच्या अ सारख्यांची वाट आणखी अरुंद झाली आहे.

आता गुणांविषयी. तुम्ही दिलेल्या सामन्याची बेरीज करून पाहिली. अ चे ११० गुण होतात, जिंकलेल्या संघाचे ९९. आरपीआयच्या लेखी हा पराभव आणि ०-३ चा पराभव यांत काडीचा फरक नाही. बाजू मांडताना हा सामना जरूर ठेवा. पण गुणांचे प्रमाण हाच निकष करावा असे मी म्हणणार नाही. तसे झाले तर २-० ने पुढे असलेला कोणताही प्रशिक्षक तिसऱ्या सेटमध्ये राखीव मुलींना उतरवणार नाही.

पंचगंगाकाठ

मी फार वर्षांपूर्वी कोल्हापूरकडून आंतरविद्यापीठ व्हॉलीबॉल खेळलो आहे, त्यामुळे हा धागा वाचताना गंमत वाटली. आपल्याकडे संघ निवडण्यासाठी समिती बसतच नाही. पश्चिम विभागाच्या स्पर्धेत बाद फेऱ्या खेळायच्या, शेवटच्या चार संघांची आपसात साखळी व्हायची आणि चारही विभागांचे पहिले चार अखिल भारतीय स्पर्धेला जायचे. हरला तो रात्रीच्या गाडीने घरी. समितीचे भांडण आपल्याकडे संघात कोणते बारा खेळाडू घ्यायचे यावर होते, आणि त्याविषयी न बोललेले बरे.

तरीही आमची पद्धत न्याय्य होती असे समजू नका. आमच्या वेळी आदल्या वर्षीच्या पहिल्या चार संघांना ड्रॉमध्ये एकमेकांपासून दूर ठेवत. बाकीच्यांचे नशीब चिठ्ठीत असे. एका वर्षी आमचा लिफ्टर (आता सेटर म्हणतात) उत्तम फॉर्मात होता, संघ चांगला जमला होता, आणि दुसऱ्याच फेरीत आमची गाठ अशा संघाशी पडली जो पुढे विभागात पहिला आला. आम्ही पाच सेट खेळलो आणि परत आलो. आमच्यापेक्षा दुबळे दोन संघ दुसऱ्या अर्ध्या भागातून उपांत्य फेरीत गेले. तेव्हा कोणीतरी कागद घेऊन बसावे आणि आमचे पाच सेट पाहावेत असे फार वाटले होते.

एक शंका आहे. अ ने मोठ्या संघांशी दोनच सामने का खेळले? दुबळ्यांना झोडून २७ विजय गोळा करणारा संघ मीही निवडणार नाही.

डेमॉइनकर

आकडेमोड, मनापासून आभार. तो दुबळा संघ खरोखरच होता. शुक्रवार-शनिवारच्या चार संघांच्या स्पर्धेत यजमानांनी त्याला बोलावले होते आणि आमच्या वाट्याला तो आला. ११०-९९ ही बेरीज मी स्वतः केली नव्हती याची लाज वाटते.

पंचगंगाकाठ, शंका रास्त आहे. कॉन्फरन्सबाहेरच्या दहा सामन्यांपैकी आठ अ ने दुसऱ्यांच्या किंवा तटस्थ मैदानांवर खेळले. मोठे संघ लहानांच्या मैदानावर येण्यास सहसा तयार नसतात, कारण जिंकून फारसे मिळत नाही आणि हरल्यास बभ्रा होतो. तरी दोनच का, याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. प्रवासाचा खर्च हे एक कारण निश्चित आहे.

नेटपलीकडून

डेमॉइनकर, थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नये. एनसीएएच्या खऱ्या समितीत सदस्याच्या स्वतःच्या विद्यापीठावर चर्चा सुरू झाली की त्याला खोलीबाहेर जावे लागते. तुम्ही सदस्य नसलात तरी टेबलावर तुमची मुलगी बसते आणि तुमच्या लेखणीतून 'आमच्याच' निसटते. तुम्ही बाहेर जाऊन उभे राहायला हवे.

शिवाय पाहा, अ च्या तीन पराभवांतला एक तुम्ही आम्हाला सेटनिशी सांगितलात, चेंडू पट्टीवर किती वेळ थांबला तेसुद्धा. ब चे तेरा पराभव मात्र तुमच्या लेखी फक्त 'तेरा' आहेत. कोणाकडून, कोठे, किती सेटमध्ये, यातले काहीही तुम्ही लिहिलेले नाही. समितीच्या निकषांत आरपीआयबरोबर आपसातले निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल, महत्त्वाचे विजय आणि महत्त्वाचे पराभव हेही असतात. समान प्रतिस्पर्ध्याला ब ने हरवले आहे. अ ने गुण जास्त मिळवले, पण हरवले नाही. ज्याला जागा मिळणार नाही त्या संघासाठी २०१७ पासून पुन्हा सुरू झालेली निमंत्रितांची स्पर्धा आहेच, म्हणजे डिसेंबर अगदी कोरडा जाणार नाही.

डेमॉइनकर

राग नाही. काल रात्री हा प्रतिसाद वाचला आणि सकाळी सहकाऱ्याशी अदलाबदल केली. अ ची बाजू तो मांडणार आहे; ११०-९९ चा कागद मी त्याच्या हवाली केला. ब ची बाजू माझ्याकडे आली आहे. मुलीला फोनवर सांगितले तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग तिने विचारले, "बाबा, ब चे सामने तुम्ही पाहिलेत तरी का?"

म्हणून आज जेवणाच्या सुट्टीपासून ब च्या तेरा पराभवांचे सेटनिहाय निकाल काढून बसलो आहे. त्यांतले पाच सामने पाचव्या सेटपर्यंत गेलेले आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. दोन मोजून झाले. एकात ब ने १०९ गुण मिळवले आणि जिंकणाऱ्यांनी १०३.

आकडेमोड, उरलेल्या तिघांच्या बेरजा झाल्या की रात्री इथे टाकतो. तेवढ्या एकदा तपासून द्याल का?