१२,६१८ कोटींचं बजेट: आकडा बघायचा की रकाना?

कर्वेनगरकर:
पुणे मनपाचं अंदाजपत्रक २०२३-२४ ला ९,५१५ कोटी, २०२४-२५ ला ११,६०१ कोटी आणि २०२५-२६ ला १२,६१८ कोटी. दर मार्चला 'विक्रमी बजेट' अशी बातमी येते. आपण वाचतो आणि पान उलटतो. खरं तर त्याच पुस्तकात प्रत्येक कामापुढे मागच्या वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाचा आणि चालू वर्षाच्या सुधारित अंदाजाचा रकाना असतो. तिथे बोट ठेवून वाचलं की विक्रम बराच उतरतो.

युक्ती जुनी आहे. जमेची बाजू फुगवली की खर्चाच्या बाजूला वाट्टेल तेवढी कामं बसतात. पैसे आले नाहीत की कात्री लागते. ती कुठे लावायची हे वर्गीकरणाच्या, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायच्या, ठरावात ठरतं. ड्रेनेजची तरतूद रस्त्याला, रस्त्याची सुशोभीकरणाला. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं स्थायी समितीही प्रशासक, मुख्य सभाही प्रशासकच. मागणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच! (नगरसेवक असताना 'स' यादीतून, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, बाकडी आणि कापडी पिशव्या यायच्या, तो सुवर्णकाळ होता असं मी म्हणत नाहीये.)

माझी मागणी साधी आहे. दर तीन महिन्यांनी प्रभागवार तक्ता लावा: काम, ठेकेदार, वर्कऑर्डरची रक्कम, अदा केलेलं बिल, दोषदायित्वाची (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची) मुदत कधी संपते.

निवृत्त_लेखापाल:
वर्गीकरण म्हणजे चोरी, हा सूर पटला नाही. मी पुण्याबाहेरच्या एका नगरपालिकेत हिशेब सांभाळले आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला, सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, माणसं गेली. त्याची तरतूद आधीच्या मार्चमध्ये कोण करून ठेवणार होतं?

आणि जमा फुगते, कारण हातात फारसं उरलेलंच नाही. २०१३ ला जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली. २०१५ ला तीही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाली. २०१७ पासून जीएसटीचं अनुदान, तेही २०१६-१७ चा पाया धरून वर्षाला ८ टक्के वाढ. शहरात धंदा दुप्पट झाला तरी मनपाला ठरलेलंच मिळणार. मग उरतात मिळकतकर आणि बांधकाम शुल्क, आणि बांधकाम शुल्काचा भरवसा बिल्डरच्या मूडवर. त्यात पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, ६० टक्के संचलन तूट पुणे मनपाने सोसायची. आणि वर हद्दीत नव्याने घेतलेली ३४ गावं.

धायरीफाटा:
झालं, आली गाडी गावांवर! ११ गावं २०१७ ला घेतली, २३ गावं २०२१ ला. आम्ही अर्ज केला होता का? त्या २३ गावांचं नियोजन मनपाकडे न देता पीएमआरडीएकडेच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ठेवलं. म्हणजे इमारतींच्या परवानगीचं शुल्क एकीकडे आणि त्याच इमारतींचं सांडपाणी वाहून न्यायची जबाबदारी दुसरीकडे. हा घोळ गावकऱ्यांनी घातलेला नाही. २०२४ ला राज्य सरकारने गावांच्या करवसुलीला स्थगिती दिली, तीसुद्धा निवडणुकीच्या तोंडावर. आमचं प्रेम होतं म्हणून नव्हे.

पेठी_खवचट:
सगळे हिशेब मागणार, पैसे मात्र कोणी देणार नाही. घरमालक स्वतः राहत असेल तर मिळणारी ४० टक्के सवलत बंद झाली तेव्हा केवढा गहजब! २०२३ ला ती परत आली आणि लोक सवलतीसाठी पीटी-३ चा फॉर्म घेऊन रांगेत. पाण्याला मीटर लावायचं म्हटलं की सोसायटीत ठराव विरोधाचा. सेवा लंडनची आणि पट्टी ग्रामपंचायतीची, असं कसं चालेल?

कर्वेनगरकर:
@पेठी_खवचट, जरा मिळकतकराचं बिल काढून बघा. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, पथकर, मनपा शिक्षण कर, खाली राज्य सरकारचा शिक्षण कर वेगळा. ओळी एवढ्या बारीक की चष्मा लागतो. माझ्याकडून घेताना दहा डोकी वेगळी मोजता येतात, मग खर्च सांगताना सगळं 'विकासकामे' या एकाच पोत्यात का? थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लावता, तेवढीच शिस्त बिलं देतानाही दाखवा.

चक्रवाढ:
कर्जाचं कुणी बोललंच नाही. जून २०१७ ला मनपाने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्क्यांनी. मुंबई शेअर बाजारात घंटा वाजली, फोटो निघाले. आणि जलवाहिन्यांच्या निविदा? दर चढे आले म्हणून रद्द, पुन्हा मागवल्या. पाण्याची मीटरं बसायच्या आधी व्याजाचं मीटर सुरू.

निवृत्त_लेखापाल:
घाई झाली, मान्य. पण रोखे काढायचे तर पतमानांकन लागतं, लेखापरीक्षित हिशेब मांडावे लागतात, पुढेही बाजाराला माहिती देत राहावी लागते. ही शिस्त चांगलीच.

चक्रवाढ:
अहो, माझंही तेच तर दुखणं आहे! रोखे घेणाऱ्याला जे न मागता मिळतं, त्यासाठी करदात्याने माहिती अधिकारात अर्ज टाकायचा आणि तीस दिवस वाट बघायची.

पेठी_खवचट:
तक्ता लावला तरी वाचणार कोण? नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक पुण्यात २००६ पासून आहे. पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. सूचना काय येतात? बाकडं, नामफलक, स्पीडब्रेकर. नगरसेवकाला नावं ठेवायची आणि संधी मिळाली की तेच मागायचं.

धायरीफाटा:
पाच लाखांत ड्रेनेज लाइन होत नाही राव, बाकडंच होतं. मर्यादा कोणी घातली?

निवृत्त_लेखापाल:
@कर्वेनगरकर, तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे. काम मूळ तरतुदीतलं की वर्गीकरणातून आलेलं, आणि वर्गीकरणातून असेल तर कुठल्या कामाचे पैसे काढून. मी वर्गीकरणाच्या बाजूचा असूनही सांगतो, तो रकाना आधी मागा. ठेकेदाराचं नाव काय, ते ज्यांना लागतं त्यांना आधीच माहीत असतं.

कर्वेनगरकर:
घेतो. ठरावाचा क्रमांक आणि तारीखही त्याच ओळीत टाकतो, म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात किती ठराव झाले ते लगेच दिसेल.