टीव्हीवरची अडलेली बाळंतपणं बघून घाबरलेल्या बायकांना नेमकं काय सांगायचं?

बाळंतविडा (कोथरूड, पुणे)

सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायकांच्या वर्गासाठी विचारते आहे. इंग्लंडमधल्या प्रसूतिगृहांत चित्रित झालेल्या मालिकांचे तुकडे हल्ली मोबाइलवर फिरत असतात. घाबरवणारी दृश्यं ठरलेली आहेत. डोकं बाहेर येतं आणि पुढे काही हलत नाही, मदतीचं बटण दाबलं जातं, सात-आठ माणसं धावत येतात. बाळ निळं असतं, रडत नाही, उचलून बाजूच्या टेबलावर नेतात. डॉक्टर पाय रोवून व्हॅक्यूम ओढते. नाळ गळ्याभोवती असते.

हे बघितलं की बायका म्हणतात, "सरळ सिझरच करा." घरची मोठी माणसं म्हणतात, "बघूच नकोस." दोन्हींनी भीती तशीच राहते. त्या दृश्यांत नेमकं काय चाललेलं असतं आणि किती मिनिटं, हे जाणकारांनी सांगावं. मोघम धीर नको आहे.

दहा_सेंटीमीटर

ताई, आधी अडलेल्या खांद्याचं सांगते. सगळ्यात जास्त धसका त्याचाच बसतो.

डोकं आलं की बाळ लगेच सुळकन बाहेर यावं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण डोकं एका कळेत येतं आणि खांदे बरेचदा पुढच्या कळेत. मधे दोन-तीन मिनिटं जाऊ शकतात. तेवढ्यात बाळ आपणहून मान वळवतं आणि खांद्यांना वाट होते. इथपर्यंत काहीही अडलेलं नसतं. खरं अडलेलं वेगळं दिसतं: कासवाने मान आत घ्यावी तसं डोकं मागे खेचलं जातं, गाल आईच्या अंगाला घट्ट चिकटतात, आणि कळ आली तरी नेहमीच्या हलक्या ओढीने खांदा सुटत नाही. तो ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागे अडकलेला असतो. हजारात साधारण सहा-सात बाळंतपणांत असं होतं.

आता धावत आलेली माणसं. व्हिडिओ थांबवा आणि एकेकीचं काम दाखवा. दोघी दोन पाय धरतात आणि मांड्या आईच्या पोटाशी नेतात. त्याने कंबरेचा बाक सपाट होतो, पुढचं हाड वर सरकतं. तिसरी बाळाच्या पाठीच्या बाजूला उभी राहते आणि त्या हाडाच्या लगेच वर तळहाताच्या टाचेने खाली व तिरका दाब देते. बहुतेक वेळा एवढ्यावर खांदा सुटतो. नाहीच सुटला तर हात आत घालून बाळाचा मागचा हात आधी काढतात, किंवा खांदे आतल्या आत फिरवतात, किंवा आईला हातापायांवर ओणवं करतात. एक जण फक्त घड्याळाकडे बघून मिनिटं मोठ्याने सांगते आणि लिहून ठेवते. बालरोगतज्ज्ञ टेबल तापवून तयार असतात. बाळ पाच मिनिटांच्या आत बाहेर हवं असतं, म्हणून गरज पडेल ते प्रत्येक माणूस आधीच बोलावून घेतात. टीव्हीवर ती पळापळ दिसते आणि कामाची वाटणी दिसत नाही.

काय बिघडू शकतं तेही लपवू नका. मान जोराने ओढली गेली तर हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात आणि हात लुळा पडतो. बहुतेक बाळांचा तो सुधारतो, थोड्यांचा अधूपणा राहतो. पोट बेंबीच्या वरून ढकललं तर खांदा आणखी रुततो, म्हणून दाब नेमका कुठे दिला जातो हे बोटाने दाखवा. आईला मधुमेह असेल, बाळ मोठं असेल तर शक्यता वाढते. पण खांदा अडलेल्या बाळांतली कितीतरी साध्या वजनाची असतात, त्यामुळे फक्त वजनाच्या अंदाजावरून सगळ्यांचं सिझर करण्यात अर्थ नाही.

व्हॅक्यूमबद्दल: हिंदी सिनेमातला घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा प्रसंग सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय, तो आधी काढून टाका. इथे बाळाच्या डोक्याला चिकटवायच्या कपाला दाब मोजणारा काटा असतो आणि तो साधारण ०.८ किलो प्रति चौरस सेंटीमीटरपर्यंत नेतात. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलेलं हवं, डोकं पुरेसं खाली हवं, लघवीची पिशवी रिकामी हवी. कपाचा मध्य मागच्या टाळूच्या सुमारे ३ सेंटीमीटर पुढे येतो. ओढ फक्त कळेबरोबर, आईच्या जोराला जोडून. तीन ओढींत बाळ खाली सरकत नसेल किंवा कप दोनदा निसटला तर थांबायचं असतं. डोक्यावर कपाच्या आकाराचा फुगवटा येतो, तो एक-दोन दिवसांत उतरतो. ३२ आठवड्यांच्या आत व्हॅक्यूम लावत नाहीत.

गळ्याभोवतीची नाळ चार-पाच बाळांमागे एकाला असते. सैल असली की डोक्यावरून काढतात, नाहीतर तशीच ठेवून बाळ बाहेर घेतात. ती दृश्यात मुद्दाम जवळून दाखवतात, एवढंच.

नवजात_वॉर्मर

निळ्या बाळाबद्दल. जन्मल्या क्षणी सगळीच बाळं कमीअधिक निळसर असतात. पोटात त्यांना ऑक्सिजन कमीच मिळत असतो. पहिल्या मिनिटाला रक्तातला ऑक्सिजन ६०-६५ टक्के असणं अपेक्षितच आहे, पाचव्याला ८०-८५, आणि दहाव्या मिनिटाला ८५ ते ९५. हातपाय तर पुढेही काही तास निळसर राहू शकतात. मोठ्या माणसाला ६५ टक्के दिसले तर धावपळ होईल. बघणाऱ्याच्या मनात तोच हिशोब असतो, म्हणून तो घाबरतो.

टेबलावरचा क्रम असा: कोरड्या उबदार कपड्याने पुसणं, ओला कपडा काढून टाकणं, पाठीवर चोळणं, मान सरळ ठेवणं. श्वास येत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत मास्क लावून पिशवीने श्वास देणं, मिनिटाला ४० ते ६०. बहुतेक बाळं पुसण्या-चोळण्यावरच रडतात. मास्कची गरज थोड्यांना लागते, छातीवर दाब देण्याची त्याहून फार थोड्यांना. आणि पहिलं रडणं उशिरा आलं म्हणजे मेंदूला इजा झाली, असा थेट अर्थ काढू नये. अॅपगार गुण (बाळाचे ठोके, श्वास, रंग, हालचाल वगैरे बघून दिलेले) १ आणि ५ मिनिटांनी देतात. पाचव्या मिनिटाचा कमी असला तर दर पाच मिनिटांनी पुन्हा बघतात.

वर्गात घड्याळ लावून ६० सेकंद सगळ्यांनी गप्प बसून बघा. पडद्यावर संगीत घातलेलं ते मिनिट किती लांब वाटतं, ते कळतं.

लेबररूम_सिस्टर

ओरडण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. बायका त्यावरूनच ठरवतात की बाळंतपण किती अवघड. आवाजावरून तसं मोजता येत नाही. उलट कान देऊन ऐकलं तर कळेत कुंथल्यासारखा, घशातून दाबलेला सूर येऊ लागतो. खाली जोर यायला लागल्याची ती खूण असते आणि आम्ही त्याचीच वाट बघतो.

तोंडात नळी धरून श्वास घेताना दिसतात तो निव्वळ ऑक्सिजन नसतो. निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. परिणाम यायला अर्धा मिनिट तरी लागतं, म्हणून कळ सुरू होताक्षणी ओढायचा. नळी बाईने स्वतःच धरायची, म्हणजे गुंगी आली की हात आपोआप खाली येतो. आपल्याकडे हा गॅस सगळीकडे मिळत नाही, आधी विचारून ठेवायला सांगा. एपिड्यूरलचंही, म्हणजे कळा कमी करायला पाठीतून देतात त्या भुलीचंही तसंच: भूलतज्ज्ञ रात्री असतात का, हे नाव नोंदवतानाच विचारावं.

"श्वास रोखा, दाबा, दाबा" हा गलका टीव्हीवरच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीत बाईने आपल्या कळेप्रमाणे जोर द्यावा असं आहे, आणि पोटावर वरून दाब देऊन बाळ ढकलू नये असंही आहे. हे दुसरं आपल्याकडच्या व्हिडिओंत सर्रास दिसतं. ते दिसलं की थांबवून सांगा.

संकलन_टेबल

या मालिकांत कॅमेरे भिंतींना कायमचे लावलेले असतात आणि दुसऱ्या खोलीतून चालवले जातात. अख्ख्या दिवसाच्या चित्रणातून मिनिटं निवडली जातात. पहिलटकरणीला गर्भाशयाचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यानंतर बारा तास लागले तरी ते सर्वसाधारणच. पडद्यावर त्याची चार मिनिटं होतात, आणि त्यातली तीन अडचणीची. भिंतीवरचं घड्याळ, सलाइनची बाटली किती भरली आहे, बाईच्या अंगावरची चादर, एवढं बघत राहिलं की काप कुठे आहे ते दिसतं. मोबाइलवरचा तुकडा तर बाळ रडण्याआधीच संपतो, कारण पुढचा भाग बघायला लावायचा असतो. दाखवायचा तर अख्खा भाग दाखवा, आई बाळाला घेऊन घरी जाईपर्यंत.

बाळंतविडा

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. कुणाला दाखवूच नये?

लेबररूम_सिस्टर

जिचं आधीचं बाळंतपण अवघड गेलंय किंवा जिचं बाळ गेलंय, तिला सगळ्यांसमोर अजिबात नाही. पहिल्या दिवशीच बाजूला घेऊन हळूच विचारा. झोप उडाली असेल, तपासणीला यायचं टाळत असेल, केवळ भीतीपोटी सिझर मागत असेल, तर "असं होतंच" म्हणून सोडू नका. तिच्या डॉक्टरांना सांगा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

दहा_सेंटीमीटर

आणि नवऱ्याला किंवा आईला सोबत बोलवा. सरकारी दवाखान्यांत लक्ष्य या प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या कार्यक्रमात सोबतीणीची तरतूद आहे, पण ससूनला, कमला नेहरूला किंवा खासगीत, कुठेही नाव घातलं असेल तरी त्या वॉर्डात कोण, कधी आत येऊ शकतं ते आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. आत जाणाऱ्याने काहीतरी खाऊन जावं आणि बाईच्या डोक्याशी स्टुलावर बसावं. चक्कर येणारे बहुतेक उपाशी आणि उभे असतात.