बी विंगच्या लिफ्टमधला वास

ए-१०१ सेक्रेटरी: बी विंगच्या लिफ्टमध्ये सकाळपासून उग्र वास येतोय. कोणी काही सांडलं असेल तर कृपया सांगा. हाऊसकीपिंगवाल्याने दोनदा फिनाईलने पुसलं. आता दोन्ही वास येताहेत.

बी-६०४: फिनाईल + आजीचं कपाट 😄

बी-९०२ काकू: माझ्याकडून सांडलं हो. दिवाळीच्या आधी माळा काढला. भंगारात द्यायच्या पिशवीत एक जुनी सेंटची बाटली होती, तिचं बूच सैल झालेलं. तळाशी चमचाभर होतं. सॉरी.

बी-६०४: चमचाभर??? काकू, ब्रँड सांगा. माझं अडीच हजारांचं परफ्यूम माजिवड्याला पोचेपर्यंत उडून जातं.

बी-९०२ काकू: ब्रँड कसला गं. १९८३ साल. फोर्टला टायपिस्ट म्हणून लागले होते, पहिल्या पगारातून क्रॉफर्ड मार्केटच्या फुटपाथवर घेतली. अठरा रुपये. बाटली बोटाएवढी, वर पांढऱ्या घंटांसारख्या फुलांचं चित्र. नाव इंग्रजीत, पण स्पेलिंग असं की मला टायपिस्टलाही वाचता येईना.
आम्ही तेव्हा नौपाड्यात, दोन खोल्या, सहा माणसं. कपाट आईचं, आरसा सगळ्यांचा, कंगवासुद्धा सगळ्यांचा. ही बाटली तेवढी माझी. आई म्हणाली, अठरा रुपयांत किती गजरे आले असते! तिला सेंटबिंट आवडायचं नाही. पावडर आणि गजरा, बास.
बूच उलटं करून मनगटाला टेकवायचं, मनगट कानामागे, आणि बुचाला राहिलेलं रुमालाच्या कोपऱ्याला पुसायचं. व्हीटीच्या गाडीत मुलुंड येईपर्यंत कोणीतरी विचारायचंच, "काय लावलंयस गं?" मी म्हणायचे, फॉरेनचं आहे 😄

डी-२०५: काकू!! आमच्याकडे पाँड्स ड्रीमफ्लॉवरचा गुलाबी डबा. संपला की उघडून वास घ्यायचा, मग त्यात बटणं. ती बटणं अजून वासाची आहेत, खोटं वाटेल.

बी-३०१: हिमालया बुके पावडर कोणाला आठवते का?

डी-२०५: मावशी आली हे दार उघडायच्या आधी कळायचं, त्या पावडरीवरून.

बी-९०२ काकू: आणि धाकट्या बहिणीचा त्या बाटलीवर डोळा. एकदा बघते तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली, पण आतलं सगळं ताकासारखं पांढरं. संपवलंन् आणि वरून पाणी घातलंन्! आठवडाभर बोलले नाही तिच्याशी. मग ते तसंच ठेवलं, लावलंही नाही आणि टाकवलंही नाही. ती अजून कबूल होत नाही. आता डोंबिवलीला असते.

ए-७०२: हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. पार्किंगच्या पावत्यांचं काय झालं?

सी-३०३ काका: पावत्या होतील हो. काकू, मी २८ वर्षं ठाणे-बेलापूर रोडला सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात काढली, म्हणून बोलतो. ते ताक होणारच. सेंट म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं सुगंधी तेल. पाणी पडलं की अल्कोहोल पातळ होतं, तेल बाहेर येतं, पांढरं दिसतं. डेटॉल पाण्यात घातल्यावर होतं तसंच. पुढे इतक्या वर्षांत सैल बुचातून अल्कोहोल आणि पाणी उडालं, तळाला राहिलं ते जवळजवळ नुसतं तेल. म्हणून चमचाभरात अख्खी लिफ्ट.

बी-६०४: काका 🙏 मग ते फूल कुठलं?

सी-३०३ काका: घंटांसारखं पांढरं म्हणजे लिली ऑफ द व्हॅली. गंमत अशी की त्या फुलातून कामापुरतं तेल निघतच नाही. तो वास पहिल्यापासून प्रयोगशाळेत जुळवलेला. त्यासाठी लागणारं लिलिअल नावाचं रसायन खूप चालायचं. युरोपने ते १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. त्यामुळे जुन्या नावाची बाटली आज मिळाली तरी आतला वास तोच असेल असं नाही.

बी-३०१: म्हणून आपलं अत्तर बरं. केमिकल नाही काही नाही.

सी-३०३ काका: कोणतं अत्तर, त्यावर आहे ताई. कन्नौजला तांब्याच्या देगेत फुलं उकळतात, वाफ भपका नावाच्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरवतात. ते खरं. पण कॉलेजच्या दिवसांत जांभळी नाक्यावर आपण पाच-दहा रुपयांची मोगऱ्याची कुपी घ्यायचो, तिच्यात मोगरा कुठला परवडणार? ते बेंझिल ॲसिटेट. आम्ही पिंपाने बनवायचो.

बी-३०१: म्हणजे मी लग्नात केमिकल लावून बसले होते 😭

सी-३०३ काका: खऱ्या मोगऱ्यातही बेंझिल ॲसिटेट असतंच. तुम्हाला कोणी पूर्ण फसवलं नाही, अर्धंच 😄

बी-९०२ काकू: असू दे की केमिकल. गजरा संध्याकाळी तपकिरी पडायचा. माझं सेंट परतीच्या गाडीतून उतरून तलावपाळीवर एक चक्कर मारली तरी रुमालात असायचं.

बी-६०४: काकू बाटली टाकली नाहीत ना? संध्याकाळी येऊ का वास घ्यायला?

बी-९०२ काकू: ये गं. धुतलेली नाही. आत्ताच फोटो काढून बहिणीला पाठवलाय, म्हटलं बघ, पुरावा.

ए-१०१ सेक्रेटरी: लिफ्ट दुपारी पुन्हा पुसली जाईल. काकू, नो प्रॉब्लेम.

डी-२०५: पुसू नका हो सेक्रेटरी, मी खास बी विंगच्या लिफ्टने जाऊन आले 🙈

बी-६०४: काकू, बहीण काय म्हणाली? 👀

बी-९०२ काकू: तिचा मेसेज जसाच्या तसा टाकते.
"ताई, किती वेळा सांगू, पाणी मी नव्हतं घातलं. आईने घातलं होतं. रोज दुपारी तू ऑफिसला असताना लावायची. मला म्हणाली, तिला सांगू नकोस."

डी-२०५: अगं बाई.

बी-९०२ काकू: आणि मी हिला चाळीस वर्षं ओरडतेय.