प्रतिसाद: भिशीतली ती दुपार
आपलं दुखणं चारचौघांत सांगून काय मिळतं, असं वर विचारलंय. मला मिळालं ते सांगते.

आमची भिशी बडोद्यात, दांडिया बाजारात. नवरा गेल्यावर वर्षभर मी तिथे जायचे, शेव-उसळ खायचे आणि गप्प बसायचे. एकदा सत्तरीच्या काकूंनी बशी खाली ठेवली. म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मला बँकेची स्लिप भरता येत नव्हती. काउंटरवर हात कापायचा." सगळ्या शांत झाल्या. माझ्या पर्समध्ये चार महिने न भरलेला पेन्शनचा फॉर्म होता, घड्यांवर मळलेला. तो मी बाहेर काढला. काकूंनी चष्मा लावला आणि तिथेच टीपॉयवर माझ्याकडून भरून घेतला.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. काकूंची आजी त्याच काळात शाळेत गेलेली. इतक्या शिकल्या-सवरल्या घरातल्या बाईचाही हात कापतो, हे त्या बोलल्या नसत्या तर मला कधीच कळलं नसतं. मी स्वतःलाच नालायक समजत राहिले असते.

आता रोज चहाआधी वहीत दिवसाचं एकच काम लिहिते, ठरवून. आजचं: संध्याकाळी सुरसागर तलावाला एकटीने फेरी.